९१ टक्के कव्हरेज आणि मामाचा हरभरा

"आमच्या ड्रायव्हरचं कोड कव्हरेज ९१ टक्के आहे."

हे वाक्य मी आयुष्यात एकदाच, पण भलत्या अभिमानानं म्हटलंय. पुण्यात, कॉन्फरन्स रूममध्ये, प्रोजेक्टरवर हिरव्यागार पट्ट्यांचा रिपोर्ट लावून. समोरच्या मंडळींनी माना डोलावल्या, कुणीतरी 'नाइस' म्हणालं, समोसे आले, रिलीजवर सही झाली. ही २०२१ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. डिसेंबरात मामाचा फोन आला.

मामा वाशिम जिल्ह्यातला, मालेगाव तालुक्यातला. (नाशिकचं मालेगाव नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं.) सहा एकर रान, त्यातलं दोन एकर विहिरीवर, आणि विहिरीवर सोलर पंप. पंपाच्या कंट्रोलरला एक छोटा डबा जोडलेला. तो डबा कंट्रोलरशी दोन तारांवरून बोलतो, सिमकार्डावरून माहिती वर पाठवतो आणि मोबाइलवरून पंप चालू-बंद करायची सोय देतो. डब्यात लिनक्स चालतं, आणि त्या दोन तारांवरचं बोलणं सांभाळणारा ड्रायव्हर आमच्या टीमचा. त्यातला नेमका वाट बघण्याचा भाग माझा. डबा लावा म्हणून मामाच्या मागे मीच लागलो होतो, हे वेगळं सांगायला नको.

"बापू, तुह्या त्या डब्यानं लय परेशान केलं राज्या. मोटार चालू होते अन् दहा मिंटात आपोआप बंद. मोबाइलवर लाल अक्षरं येऊन राह्यली. हरभरा फुलावर हाये, पाणी कवा देऊ?"

मी शिकल्यासवरल्या माणसासारखं उत्तर दिलं, "मामा, एकदा बंद करून परत चालू करून पाहा." मामाने ते आधीच नऊ वेळा केलं होतं.

चौथ्या दिवशी मामाने डब्याची वायर उपटली, पंप थेट चालवला आणि माझ्या आईला फोन करून सांगितलं की पोरगं इंजिनेर झालं ते ठीक, पण मोटारीच्या कामात आपल्या गावचा वायरमन बरा. फुलावरच्या हरभऱ्याचं पाणी तीन दिवस लांबलं. सोलर पंप रात्री चालत नाही, त्यामुळे दिवसभरातले ते पाच-सहा तास गेले की गेले.

आता मुद्द्यावर येतो. हा बग ९१ टक्क्यांमधल्या ओळीत होता. उरलेल्या ९ मध्ये नव्हता. ती ओळ रिपोर्टात हिरवी होती, आणि टेस्ट चालताना ती हजारो वेळा खरोखर चाललेली होती. टेस्ट पास झाली तेही खोटं नव्हतं. फक्त टेस्ट ज्याच्यावर चालली तो प्रोग्राम आणि मामाच्या शेतात गेलेला प्रोग्राम हे दोन वेगळे प्रोग्राम होते. आणि माझं म्हणणं असं आहे की कर्नल ड्रायव्हरच्या बाबतीत हे असंच असतं. जो माणूस या वेगळेपणाचा उल्लेख न करता टक्केवारीची स्लाइड दाखवतो तो एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड. मी त्या वेळी अडाणी होतो.

जरा खोलात जाऊ. ज्यांना हे सगळं माहीत आहे त्यांनी चार परिच्छेद उड्या मारून पुढे जावं.

कव्हरेज मोजायचं म्हणजे कोड चालताना कुठून कुठून गेला याची नोंद ठेवायची. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी जीकोव्हची सोय अधिकृतपणे २.६.३१ मध्ये, म्हणजे २००९ साली आली. आयबीएमच्या पीटर ओबरपार्लायटर यांनी ती आणली. त्याआधी ती वेगळ्या पॅचच्या रूपात फिरत होती. कंपायलरला एक फ्लॅग दिला की तो तुमच्या कोडमध्ये जागोजागी काउंटर पेरतो. कंट्रोल एका ब्लॉकमधून दुसऱ्यात गेला की काउंटर एकने वाढतो. सगळ्या वाटांवर काउंटर लावायची गरज नसते. काही वाटा मोजल्या की उरलेल्यांचं गणित वजाबाकीने निघतं. शेवटी डीबगएफएसमधून आकडे उचलायचे, सोर्सच्या ओळींवर चिकटवायचे आणि हिरवं-लाल रंगवायचं. दुसरी सोय केकोव्ह. ती ४.६ मध्ये, २०१६ साली आली, दिमित्री व्ह्युकोव्ह यांच्याकडून. तिथे प्रत्येक बेसिक ब्लॉकमध्ये एका फंक्शनला कॉल घातला जातो आणि ते फंक्शन 'मी इथे होतो' एवढंच लिहून ठेवतं.

आता इनलाइनिंग. फंक्शनला कॉल करण्याऐवजी त्याचं पोट उचलून कॉल करणाऱ्याच्या पोटात घालायचं. छोटं फंक्शन वेगळं राहत नाही, त्याची नोंद पुसली जाते. आमच्या जिल्ह्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजांच्या काळात बासिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला. बासिम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला गेले, पुसद यवतमाळकडे. म्हणजे एकच फंक्शन दोन कॉलर्समध्ये इनलाइन झालं :) मग १ जुलै १९९८ ला वाशिम परत वेगळा जिल्हा झाला, पण पुसद काही परत आलं नाही. मधल्या ९३ वर्षांत अकोला जिल्ह्याची कुठलीही सरासरी काढली तर त्यात वाशिम होतं, पण दिसत नव्हतं. अकोल्याची सरासरी चांगली म्हणजे वाशिमचंही चांगलं चाललंय असं त्यावरून सांगता आलं नसतं.

कर्नलच्या हेडर फाइल्समध्ये 'स्टॅटिक इनलाइन' फंक्शन्सचा सुळसुळाट असतो. एक छोटं फंक्शन दहा ड्रायव्हर्समध्ये जातं, प्रत्येकात त्याची वेगळी प्रत तयार होते, आणि प्रत्येक प्रतीला कंपायलर आजूबाजूचा कोड बघून वेगळं कापतो-शिवतो. एका प्रतीत एखादी अट पूर्ण उडून जाते, कारण तिथे आकडा स्थिर आहे हे त्याला कळलेलं असतं. दुसऱ्या प्रतीत तीच अट जिवंत राहते. रिपोर्टात मात्र ओळ एकच, हेडरमधली. दहापैकी एक प्रत चालली की त्या ओळीवर शून्य नसलेला आकडा पडतो आणि ओळ हिरवी होते. गट ग्रामपंचायतीत एका गावात नळ आला आणि कागदावर तिन्ही गावं 'नळयुक्त' झाली, तसंच.

इथपर्यंत फक्त मोजणीची गडबड आहे. खरी भानगड पुढे आहे. मोजणीमुळे मोजली जाणारी वस्तूच बदलते.

एखादं फंक्शन इनलाइन करायचं की नाही हे कंपायलर बऱ्याच अंशी त्याच्या आकारावरून ठरवतो. काउंटर पेरले की आकार वाढतो. आकार वाढला की काल इनलाइन झालेलं फंक्शन आज वेगळं राहतं. वेगळं राहिलं की त्याच्या पोटात काय आहे ते पाहून कॉल करणाऱ्या कोडवर जे पुढचं ऑप्टिमायझेशन होणार होतं ते बारगळतं. जीसीसी अगदी बारकी फंक्शन्स काउंटर पेरायच्या आधीच इनलाइन करून टाकतो, हे खरं. पण मधल्या आकाराच्या फंक्शन्सचं नशीब काउंटरच्या हातात असतं. 'मग ओळीवर इनलाइन लिहिलेलं असतं ते काय?' असं विचाराल. ते आता विनंतीपुरतं आहे. अनेक वर्षं कर्नलमध्ये इनलाइनचा अर्थ बऱ्याच प्रोसेसर्सवर 'करच' असा घेतला जात होता. २०१९ मध्ये मासाहिरो यामादा यांच्या बदलांनंतर तो सगळीकडे 'जमलं तर कर' असा झाला. बदल योग्यच होता, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांचा कोड 'करच'च्या भरवशावर उभा होता त्यांचे बिल्ड मोडले आणि जागोजागी 'ऑल्वेज इनलाइन'ची ठिगळं लावावी लागली.

आमची कर्नल ५.१० होती. आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

ड्रायव्हर कंट्रोलरला प्रश्न पाठवायचा, २० मिलिसेकंद झोपायचा, आणि मग उत्तर आलं का ते एका लूपमध्ये बघत बसायचा. उत्तर पूर्ण आलं की इंटरप्ट हँडलर एक झेंडा वर करायचा. लूपमध्ये एक इनलाइन फंक्शन तो झेंडा वाचायचं. २०० मिलिसेकंदात झेंडा दिसला नाही तर टाइमआउट. लागोपाठ पाच टाइमआउट झाले तर सुरक्षेसाठी पंप बंद. (हा शेवटचा नियम कुणाच्या सुपीक डोक्यातून आला ते मला माहीत आहे, पण जाऊ द्या.)

झेंडा हा साधा इंटिजर होता. तो दुसरं कुणीतरी बदलू शकतं हे मी कंपायलरला कुठेच सांगितलेलं नव्हतं. रीड-वन्स नाही, लूपमध्ये सीपीयू-रिलॅक्स नाही, काही नाही. आता कंपायलरच्या जागी बसून विचार करा. फंक्शन इनलाइन झालं, त्याचं पोट लूपच्या आत दिसायला लागलं. या लूपमध्ये झेंड्यावर कुणी लिहीत नाही. मग दर फेरीला मेमरीतून परत वाचायचं कशाला? एकदा लूपच्या बाहेर वाचला की पुरे. कंपायलर चुकला का? अजिबात नाही. सीच्या नियमांनुसार तो शंभर टक्के बरोबर. पण माझा लूप त्यामुळे आंधळा झाला. २० मिलिसेकंदांच्या झोपेत उत्तर येऊन गेलं असेल तर ठीक. नंतर आलं तर झेंडा कितीही फडकू दे, लूप बघणारच नाही.

आमच्या टेबलावरचा कंट्रोलर २० मिलिसेकंदांच्या आत उत्तर द्यायचा. मामाच्या विहिरीवरचा जुन्या मॉडेलचा, तो रमतगमत द्यायचा.

"मग उशिरा उत्तर येण्याची टेस्ट नव्हती का?" होती की! चांगली तेरा-चौदा टेस्ट होती, उत्तर मुद्दाम उशिरा देणारा सिम्युलेटर लिहिला होता. ती सगळी रोज रात्री चालायची आणि रोज सकाळी पास असायची. पण रात्रीचा सगळा संच चालायचा कव्हरेज बिल्डवर, कारण सकाळी डॅशबोर्डवर टक्केवारी हवी असायची. बोर्ड दोनच, रात्र एकच. रिलीज बिल्डवर फक्त अर्ध्या तासाची 'स्मोक टेस्ट', आणि तिच्यात टेबलावरचा तो चपळ कंट्रोलर.

कव्हरेज बिल्डमध्ये माझं ते फंक्शन काउंटरमुळे फुगून वेगळं राहिलं होतं. शिवाय एक गंमत मला नंतर कळली. कर्नलच्या मेकफाइलमध्ये जीकोव्ह चालू केलं आणि कंपायलर जीसीसी असला की आणखी एक फ्लॅग आपोआप लागतो. लूपमध्ये न बदलणाऱ्या गोष्टी बाहेर काढून ठेवणारं जे ऑप्टिमायझेशन, ते तो फ्लॅग बंद करतो. ते २०१६ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी घातलं. कारण अगदी व्यवहारी होतं: काउंटरांवर तेच ऑप्टिमायझेशन चाललं की काही फंक्शन्सचा स्टॅक बेसुमार वाढायचा. कर्नलचा स्टॅक मुळात चार-आठ-सोळा किलोबाइटचा, तिथे असले लाड चालत नाहीत. फ्लॅग योग्यच आहे. पण माझा बग ज्या ऑप्टिमायझेशनमुळे जन्माला येत होता, नेमकं तेच मोजणीच्या बिल्डमध्ये बंद होतं. दोन्ही बिल्डचं असेंब्ली शेजारी शेजारी उघडलं तेव्हा एकात वाचण्याची सूचना लूपच्या आत होती, दुसऱ्यात बाहेर. बघताना कानशिलं गरम झाली.

दुरुस्ती एका ओळीची. जाणकार म्हणतील की झेंडे कसले फडकवता, कर्नलमध्ये 'कंप्लिशन' नावाची सरळ यंत्रणा आहे, ती वापरायची. बरोबर आहे. मी कान पकडतो. कोड माझाच गाढवासारखा होता. पण माझ्यासारखी गाढवं पकडायलाच तर टेस्टिंग असतं ना? आमच्या टेस्टिंगने मला पकडलं तर नाहीच, उलट हिरवा शेला पांघरून मिरवणूक काढली.

हे एखाद्या जीकोव्हपुरतं नाही. केकोव्ह घेतलं असतं तरी तेच. प्रत्येक ब्लॉकमध्ये बाहेरच्या फंक्शनला कॉल घातला की कंपायलरला मानावं लागतं की त्या कॉलमध्ये मेमरीत काहीही बदललं असेल, म्हणजे झेंडा परत वाचा. मोजणीचं यंत्रच माझ्या चुकीची फुकटात दुरुस्ती करून टाकणार. शिवाय केकोव्ह मुळात सिस्टिम कॉल करणाऱ्या टास्कचा माग ठेवतं, इंटरप्टमधलं मोजत नाही. पुढे दूरच्या थ्रेड्सचा आणि सॉफ्ट-इंटरप्टचा माग काढायची सोय आली, पण ती तुमच्या ड्रायव्हरमध्ये हाताने जोडावी लागते. आणि ड्रायव्हरचा जीव तर इंटरप्टमध्ये!

कर्नलवाल्यांना हे कळत नाही असं समजू नका. तिथली मंडळी या विषयावर गेली काही वर्षं डोकं आपटतायत. २०२० मध्ये 'नो-इन्स्ट्र' नावाची खूण आली. कर्नलमध्ये शिरतानाचा जो अगदी नाजूक कोड असतो त्यात कुठलंही उपकरण पेरायचं नाही, असा तिचा अर्थ. तिथेही इनलाइनने घोळ घातलाच. खूण केलेल्या फंक्शनने एखादं साधं इनलाइन फंक्शन वापरलं आणि उपकरणांमुळे फुगून ते वेगळं राहिलं, की नाजूक कोडमधून थेट पेरलेल्या कोडमध्ये उडी. हे पकडायला ऑब्जटूल नावाचं वेगळं हत्यार बिल्डच्या शेवटी सगळं तपासत बसतं. आणि २०२१ मध्ये क्लँगच्या प्रोफाइलिंगवरून वाद झाला तेव्हा लक्षात आलं की जीकोव्ह ही खूण मानतच नव्हतं! मग कंपायलरचं एक ॲट्रिब्यूट लावून ते बंद करावं लागलं. जगातले उत्तम कर्नल प्रोग्रामर जिथे ठेचकाळतात तिथे आपण एक्सेल शीटमध्ये '८५ टक्के किमान' लिहून मोकळे.

आणि त्या ८५ चं काय होतं ते बघा. कर्नलमध्ये बऱ्याच तपासण्या कंपाइल करतानाच होतात: अमुक आकडा स्थिर नसेल तर बिल्डच मोडायचा. हा आकडा स्थिर आहे हे कंपायलरला बऱ्याचदा इनलाइन केल्यावरच कळतं. जीकोव्ह लावलं, इनलाइन बिघडलं, बिल्ड मोडला. आता डेव्हलपर काय करेल? शुक्रवारची संध्याकाळ आहे. मेकफाइलमध्ये एक ओळ टाकून तो ती फाइल मोजणीतूनच काढतो. कायदेशीर सोय आहे, डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेली आहे. फाइल गेली की छेद कमी होतो आणि टक्केवारी वाढते! सगळ्यात अवघड, सगळ्यात नाजूक फाइल्स अशा गळत जातात आणि स्लाइड दिवसेंदिवस हिरवी होत जाते. आमच्या ९१ मधून अशा चार फाइल्स वगळलेल्या होत्या. त्यातल्या दोन मी वगळल्या होत्या.

आमच्याकडे पिकाची पैसेवारी काढतात. डिसेंबरअखेर खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर होते. ५० पैशांच्या खाली गेली तर दुष्काळाच्या सवलती, वर राहिली तर काही नाही. मामाला पैसेवारीचं गणित तोंडपाठ आहे. कुठल्या प्लॉटवर कापणी झाली, त्या प्लॉटला कुणाच्या विहिरीचं पाणी होतं, हे तो आधी विचारतो, आकडा नंतर. आपण बी.ई., एम.टेक. झालेले लोक आकडा आधी विचारतो आणि प्लॉट विचारतच नाही. वाशिम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, ४९ निर्देशांकांवर क्रमवारी लागते. डॅशबोर्डवरून गाव बघणं आणि डॅशबोर्डवरून ड्रायव्हर बघणं हा एकच रोग आहे असं मला अलीकडे फार वाटतं. असो, हा वेगळा शनिवार होईल.

आता प्रतिवाद. एक मित्र म्हणतो, "अरे, मग काय कव्हरेज मोजायचंच नाही? तुझ्या एका झेंड्यापायी?" नाही बाबा. लाल ओळ खरं बोलते, बहुतेक वेळा. जी ओळ एकदाही चालली नाही तिची टेस्ट झालेली नाही, यात वाद नाही. हिरवी ओळ मात्र एवढंच सांगते की ही ओळ, या बिल्डमध्ये, कुठल्या तरी प्रतीतून, एकदा तरी गेली. सिझकॉलरने केकोव्हच्या जिवावर कर्नलमधले हजारो बग बाहेर काढले आहेत, कारण तिथे कव्हरेज हा मार्क नाही, कंदील आहे: नवीन वाट दिसली का, मग त्या दिशेने अजून खणा. तिथे कुणी '९१ टक्के झाले, सही करा' म्हणत नाही.

दुसरा म्हणतो, "ऑप्टिमायझेशन बंद करून मोजा, इनलाइनचा प्रश्नच मिटला." जीसीसीचं मॅन्युअलही जीकोव्हसाठी साधारण तेच सुचवतं. पण लिनक्स कर्नल ऑप्टिमायझेशनशिवाय बिल्डच होत नाही. मेलेला कोड कंपायलर उडवून टाकेल या भरवशावर तो लिहिलेला आहे. आणि झालाच असता तरी तो आणखी तिसरा प्रोग्राम. मामाच्या डब्यात तोही जाणार नव्हता.

तिसरा आक्षेप जरा वजनदार: "दोन्ही बिल्डवर सगळी टेस्ट चालवायला वेळ नाही, बोर्ड नाहीत." याचं उत्तर मी सरळ देतो. मग कव्हरेज बिल्ड आठवड्यातून एकदा चालवा आणि रोज रात्री रिलीज बिल्ड. रोजची रात्र कुणाच्या वाट्याला जायची हा प्राधान्याचा प्रश्न आहे, आणि आपण ती डॅशबोर्डला दिली होती. विमानांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत रीतच आहे: उपकरण पेरलेल्या बिल्डवर मोजा, मग तेच टेस्ट मूळ बिल्डवर चालवा आणि निकाल जुळतात का पाहा. निकाल वेगळे आले तर तिथे थांबा, कारण तो फरक हाच बग असतो. आमच्याकडे हे केलं असतं तर उशिराच्या उत्तराची तेराच्या तेरा टेस्ट रिलीज बिल्डवर पहिल्याच रात्री आपटली असती. मामापर्यंत गोष्ट गेलीच नसती.

पैसे असतील तर आणखी वाटा आहेत. एआरएमच्या अनेक चिप्समध्ये कोअरसाइटची ट्रेस यंत्रणा असते, इंटेलमध्ये प्रोसेसर ट्रेस आहे. कोडला हात न लावता प्रोसेसर कुठून गेला ते बाहेरून कळतं. इनलाइन झालेल्या सूचना सोर्सच्या ओळींवर परत चिकटवताना थोडा गोंधळ उरतो, पण निदान चाललेला प्रोग्राम खरा असतो. आणि माझ्या जातीच्या चुकांसाठी २०२० मध्ये केसीसॅन आलं, जे दोन जण एकाच मेमरीवर हात घालतात ते पकडतं. आमच्या ३२ बिटी एआरएम बोर्डावर ते चालत नाही. पण ड्रायव्हरचा वरचा भाग लॅपटॉपवर नकली हार्डवेअर लावून चालवता आला असता. आला असता... वेळ नव्हता, टक्केवारी वाढवायची होती ना.

यातलं कुठलंच ज्ञान सातासमुद्रापार दडलेलं नाही, याची मला जास्त चीड येते. कंपायलरने माझा झेंडा लूपबाहेर काढला तो डेटा फ्लो ॲनालिसिसच्या जोरावर. त्या विषयावरचं एक नावाजलेलं पुस्तक २००९ साली आयआयटी मुंबईच्या प्रा. उदय खेडकरांनी सहकाऱ्यांसह लिहिलं. त्याच सुमारास तिथल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसीच्या पोटात काय चालतं यावर कार्यशाळाही घेतल्या. पुण्याहून डेक्कन क्वीनने तीन-साडेतीन तासांचं अंतर. आपल्यापैकी किती जणांनी रिलीजच्या आधी स्वतःच्या ड्रायव्हरचं असेंब्ली एकदा तरी उघडून पाहिलंय? मी दहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं ते मामाच्या फोननंतर.

त्या नोकरीतून मी बाहेर पडलो. आता जिथे आहे तिथे रिव्ह्यूला कुणी कव्हरेजचा आकडा आणला की मी तीन गोष्टी विचारतो: कुठल्या फाइल्स वगळल्या, तीच टेस्ट रिलीज बिल्डवर कधी चालली, आणि दोन्ही बिल्डमध्ये कुठली फंक्शन्स इनलाइन झाली याची यादी कुठे आहे. तिसरा प्रश्न पोरांना आवडत नाही. मागे पाठ वळली की मला 'इनलाइन काका' म्हणतात, हेही मला माहीत आहे.

दुरुस्त केलेला डबा मी २०२२ च्या उन्हाळ्यात स्वतः घेऊन गेलो. मामाने चहा पाजला, डबा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि माळ्यावर ठेवून दिला.

"राहू दे. वायर जोडलेली हाये ना सरळ, चाल्ते ते."